दत्तादादा, तारखेच्या रकान्याबद्दल

दादा, आज सकाळपासून एका जागी बसवत नाही. दादरला ऑफिसात गेले, संगणक चालू केला, चहा सांगितला आणि तो यायच्या आत जिना उतरून खाली आले. चालत राहिले. परळच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं की पाय महिनाभराच्या सवयीने तिकडे वळले होते. तू तिथे नाहीस याला आज चौदा दिवस झाले. फाटकावरच्या माणसाने ओळखीचं हसून पास मागितला. मी मागे फिरले.

तुझ्याबद्दल लोक बोलतात ते ऐकूनही चुळबूळ होते. बाराव्याला तुझ्या चाळीतले एक जण म्हणाले, फार शांत माणूस. मला उठून सांगावंसं वाटलं की तू शांत नव्हतास. तू हळू बोलायचास, एवढंच. मी तुझ्याबरोबर सतरा-अठरा वर्षं काम केलं आणि त्यातली निदान दहा भांडण्यात गेली. शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं.

आपली पहिली भेटसुद्धा भांडणाचीच. तू तेव्हा गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका गल्लीतल्या छापखान्यात मुद्रितं तपासायचास. त्या छापखान्याला एका प्रकाशकाची पुस्तकांची सूची छापायची होती, आणि ती संगणकावर जुळवायचं काम आमच्याकडे आलं होतं. आमची कंपनी म्हणजे मी, अनिरुद्ध आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी नुकतीच एक छोटी लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, कोडची. दुसऱ्या प्रोग्रामने तिला मजकूर द्यायचा आणि तिने त्याचा नीट मांडणीचा दस्तऐवज बांधून द्यायचा. नावाची खूण उघडायची, आत नाव, खूण बंद. किमतीची खूण उघडायची, आत किंमत, खूण बंद. या खुणांना आम्ही टॅग म्हणतो. लायब्ररीचं नाव मी ‘चौकट’ ठेवलं होतं आणि मला तिचा भारी अभिमान होता.

अनिरुद्धने गडबडीत छापायच्या पानांऐवजी आतला कच्चा दस्तऐवज, सगळ्या टॅगांसकट, कागदावर काढून तुझ्याकडे पाठवला. दुसऱ्या कुणी तो परत पाठवला असता. तू तो वाचलास. सगळा. आणि चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ते बाड घालून तीन जिने चढून आलास.

“हे कुणी बांधलं?”

“मी,” मी म्हणाले.

“मग सत्ताविसाव्या पानावर एका पुस्तकाच्या पोटात दुसरं पुस्तक कसं गेलं?”

मी बघितलं. एक टॅग उघडला होता आणि बंद झालाच नव्हता. तू पेन्सिलीने प्रत्येक उघडणाऱ्या टॅगला त्याच्या बंद होणाऱ्या टॅगशी बारीक रेघ मारून जोडलं होतंस. सत्ताविसाव्या पानावर एक रेघ समासात जाऊन लोंबकळत होती. तू मला विचारलंस, “ही कुठे नेऊ?” चूक माझ्या लायब्ररीत होती आणि ती मला आठवडाभर दिसली नव्हती.

छापखाना मोडकळीला आला होताच. दोन महिन्यांनी मी तुला विचारलं, आमच्याकडे येशील का. अनिरुद्ध आतल्या खोलीत नेऊन मला म्हणाला, “शुभा, त्यांना कोड वाचता येत नाही. टेस्टिंग कसं करणार ते?” भिंत पातळ होती. तू बाहेरूनच म्हणालास, “मला विणतासुद्धा येत नव्हतं. कापडातलं भोक मात्र दिसायचं.”

तेव्हा कळलं की तू गिरणीतला. गिरण्यांचा संप होण्याआधी तू फोल्डिंग खात्यात होतास. विणून आलेलं कापड टेबलावरून पुढे सरकायचं आणि तू उजेडाकडे बघत उभा राहायचास. तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण. मी म्हटलं, डोळे दुखत असतील. तू म्हणालास, डोळे नाही दुखत, मान दुखते. मी गिरगावातली. संपाचं मला आठवतं ते एवढंच की माझ्या वर्गातल्या दोन मुली त्या वर्षी गावी गेल्या आणि परत आल्या नाहीत. तुला हे सांगितलं तेव्हा तू त्यांची आडनावं विचारलीस.

तू ‘चौकट’ तपासायला घेतलीस आणि माझी झोप उडाली. मी तिला तपासायला ‘अबक’, ‘मजकूर एक’, ‘मजकूर दोन’ असलं काहीतरी द्यायचे. तू तिला खरी माणसं दिलीस. पहिल्याच दिवशी लालबागच्या दुकानांच्या पाट्यांवरची नावं वहीत उतरवून आणलीस आणि एकेक टाइप केलीस. तिसऱ्या नावाला लायब्ररी कोसळली. नावात ‘आणि’ऐवजी ते इंग्रजी वळणाचं चिन्ह होतं, वेटोळ्यासारखं. त्या चिन्हाला टॅगांच्या जगात वेगळा अर्थ असतो, तो सांभाळून लिहावा लागतो. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. लायब्ररीत करायचं राहून गेलं होतं. “अर्ध्या दुकानांच्या पाटीवर हे असतं,” तू म्हणालास. “तू बाजारात जात नाहीस का?”

मग एकदा तू एकात एक, एकात एक टॅग घालत बसलास. मी विचारलं, इतकं आत कोण जातं. तू बोटं मोजलीस. “चाळ, मजला, खोली, पोटमाळा, पोटमाळ्यावर ट्रंक, ट्रंकेत डबा, डब्यात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड. आमच्याकडे रोज जातात एवढं आत.” लायब्ररी त्याच्या थोडं पुढेच थकली. तीही चूक निघाली.

आणि ते कुऱ्हाडे. त्यावर मी अजून हसते, एकटी असले तरी. तू कागदावर एक नजर टाकून म्हणालास, “कुऱ्हाड्यांचं काय केलंस? रफार डोक्यावर चढलाय.” ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ झालं होतं. दस्तऐवजात नको ते अदृश्य चिन्ह येऊ नये म्हणून मी सगळी न दिसणारी चिन्हं गाळून टाकत होते. त्यांतलंच एक त्या अर्ध्या ‘र’ला जागेवर धरून ठेवायचं. दोन दिवस मी कोड उलटापालटा केला तेव्हा ते सापडलं. तू त्याचं नाव विचारलंस, मी सांगितलं, आणि तू म्हणालास, “दिसत नाही म्हणून काढून टाकलंस?” तू रागावला नव्हतास. तुला खरंच नवल वाटलं होतं.

खरं भांडण पुढे झालं.

रकाना रिकामा असेल तर ‘चौकट’ त्याचा टॅग धरतच नसे. आत काही नाही, मग उघडून बंद करायचं कशाला. दस्तऐवज आटोपशीर होतो. मला ते फार नेटकं वाटायचं. तू चूक म्हणून नोंदवलीस. मी तुझ्या नोंदीपुढे लिहिलं, ‘चूक नाही, मुद्दाम केलं आहे.’ पुढच्या फेरीत तू तीच चूक पुन्हा नोंदवलीस.

“दादा, त्यात काही नाहीच.”

“काही नाही, हे तरी पलीकडच्याला कळलं पाहिजे ना? रकाना होता आणि रिकामा ठेवला. रकानाच नव्हता असं नाही.”

“प्रोग्रामला काय फरक पडतो?”

“प्रोग्रामचं मला माहीत नाही.”

असं आपलं कितीदा झालं. मी तुला हट्टी म्हणाले. एकदा अनिरुद्धपाशी तुझी नक्कलही केली. तू तेव्हा दारात होतास की नव्हतास, मला अजून ठाऊक नाही.

मग ती यादी आली. लालबागला जुन्या गिरणी कामगारांची एक समिती होती. गिरण्यांच्या जागेवर कामगारांसाठी घरं होणार, त्यासाठी अर्ज गोळा करायचे, आणि सगळ्यांची यादी सरकारी कार्यालयाला ठरलेल्या मांडणीत फाइल करून द्यायची. तू ते काम आमच्याकडे आणलंस. फाइल ‘चौकट’ बांधणार होती. ऑफिस सुटलं की तू समितीच्या खोलीवर जाऊन बसायचास. मी दोनतीनदा आले होते तुझ्याबरोबर. माणसं हजेरीची कार्डं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणायची. नाव, गिरणी, खातं, लागल्याची तारीख भराभर सांगायची. शेवटचा रकाना होता ‘नोकरी सोडल्याची तारीख’. तिथे थांबायची. कुणी कुठलीतरी तारीख सांगायचं. बरेच जण तुझ्याकडे बघायचे, आणि तू म्हणायचास, “सोडली होती का?” ते मान हलवायचे. तू रकाना रिकामा ठेवायचास. वयाने माझ्या वडिलांएवढा एक माणूस म्हणाला होता, “संप मिटला असं कुणी सांगूक पण इलो नाय.” तू म्हणालास, “मलाही नाही.”

आम्ही फाइल दिली. कच्ची यादी फळ्यावर लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतामावशी आमचे तीन जिने चढून आल्या. तुझ्या शेजारच्या चाळीतल्या, नवरा साचेखात्यात मागावर होता, संपानंतर चार वर्षांनी वारला. त्या खानावळ चालवायच्या. दारातच बसल्या. मी पाणी दिलं.

“मालकांचं नाव नाय यादीत,” त्या तुला म्हणाल्या. “मी दोनदा बघितलं. नातीने पण बघितलं.”

तू माझ्याकडे बघितलंस. मी आमची फाइल उघडली. नाव होतं. सोडल्याच्या तारखेचा टॅग मात्र नव्हता, कारण रकाना रिकामा होता आणि माझ्या लायब्ररीने तो गाळला होता. कार्यालयाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की एखादा टॅग कमी असेल तर ती नोंद अपुरी धरून बाजूला काढली जाईल. रकाना रिकामा चालेल, टॅग हवा. मी त्या सूचना वरवर चाळल्या होत्या. तारीख रिकामी ठेवणारा एकूणएक माणूस गळला होता. गळलेल्यांची नावं कागदावर काढली तर चार कागद भरले. तिसऱ्या कागदावर तू होतास.

तू मावशींना म्हणालास, “आमच्याकडून राहिलं. शुक्रवारच्या आत येईल नाव.” माझं नाव घेतलं नाहीस. त्या गेल्यावर खिडकीपाशी उभा राहिलास. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं.

मी घाबरले होते, आणि घाबरले की मला लवकर काहीतरी करायचं असतं. म्हणाले, “दादा, सोपं आहे. सगळ्यांना एकच तारीख टाकू. संप सुरू झाला त्या दिवसाची. टॅग येईल, नोंद जाईल. दहा मिनिटांचं काम.”

तू वळलास. “तू माझी नोकरी सोडवतंस?” ऑफिसात तू मालवणी बोलायचा नाहीस. “मी नोकरी सोडूक नाय. संपावर गेलंय. कळला तुका?”

अनिरुद्ध आतून बाहेर आला आणि परत आत गेला.

मग तू आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणालास, “शुभा, यांतल्या कुणीही राजीनामा दिला नाही. एवढं एकच त्यांनी केलं नाही. ते तू करू नकोस.”

मी ‘चौकट’ उघडली आणि तो नियम काढून टाकला. तीन ओळी होत्या, दादा. एवढी भांडणं, आणि तीन ओळी. मग त्या नियमावर टेकून असलेल्या दुसऱ्या गोष्टी मोडल्या, त्या सांधण्यात दोन दिवस गेले. तू प्रत्येक फेरीला नवी यादी पट्टी लावून वाचलीस, शेवटच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे, छापखान्यात वाचायचास तशी, म्हणजे डोळे अंदाजाने पुढे पळत नाहीत. वाचून झालं की माझ्या टेबलावर ठेवायचास आणि म्हणायचास, “ही बरी आहे.” तुझ्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही.

शुक्रवारी दुपारी तू दाखल्यांच्या प्रती घेऊन कार्यालयात गेलास. मी इथून फाइल पाठवली. दुरुस्त यादी घ्यायला त्यांची पाचपर्यंतची मुदत होती. साडेचारला पडद्यावर उत्तर आलं की सगळ्या नोंदी घेतल्या, एक सोडून. ती दुबार आहे म्हणून नाकारली.

ती तुझी होती. तुझ्याच नावाचा, तुझ्याच आडनावाचा, वडिलांचंही नाव तेच, तुझ्याच गावचा दुसरा एक दत्ताराम तुझ्याच खात्यात होता. तूच सांगायचास, दोघे एकाच दिवशी लागलो, तो बुटका दत्ताराम आणि मी लांब दत्ताराम. तुझ्या हजेरी कार्डाचा नंबराचा कोपरा पाण्याने गेला होता, त्यामुळे तो रकानाही रिकामा, आणि बुटक्याकडे कार्डच उरलं नव्हतं, म्हणून त्याचाही. पलीकडच्या प्रोग्रामला दोन नोंदी तंतोतंत सारख्या दिसल्या आणि त्याने एक ठेवली. बुटक्याची.

तुझ्याकडे मोबाइल नव्हता. तू रांगेत कुठेतरी उभा होतास. मी खोलीत फेऱ्या मारल्या. पावणेपाच झाले. दोघांना वेगळं दाखवायला एक रकाना वेगळा हवा होता, कुठलाही. लागल्याची तारीख बदलली तर कार्डाशी जुळणार नव्हती. मी तुझ्या नोंदीत सोडल्याच्या तारखेच्या रकान्यात संपाच्या पहिल्या दिवसाची तारीख टाकली. पाठवली. नोंद स्वीकारली गेली. अनिरुद्ध माझ्या मागे उभा होता. “दादांना सांगशील ना?” त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगेन.

साडेसहाला तू आलास. शिक्का मारलेले कागद आणि भज्यांची पुडी टेबलावर ठेवलीस. तुझा शर्ट पाठीवर भिजला होता, आणि तुला इतकं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

“सगळी गेली?”

“सगळी.”

“एकालाही तारीख नाही ना टाकलीस?”

“नाही, दादा.”

तू यादी मागितलीस. मी तुला जो कागद दिला तो दुपारी काढलेला होता, तारीख टाकायच्या आधीचा. तू पट्टी घेतलीस, खालून वर आलास, आपल्या नावापाशी थांबलास. रकाना रिकामा होता. “बरोबर,” म्हणालास. मग आपण भजी खाल्ली.

मी तुला फसवायला तुझीच पद्धत वापरली. चूक पकडणाऱ्या माणसाच्या हातात मी मुद्दाम निर्दोष कागद दिला. त्यानंतर इतकी वर्षं तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसलास आणि मी सांगितलं नाही. आधी वाटायचं, घराचं ठरू दे, मग सांगू. मग वाटायचं, आता इतक्या दिवसांनी कशाला. तो कागद तू घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होतास. वहिनींनी एकदा कौतुकाने दाखवला, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

शेवंतामावशींचं नाव पक्क्या यादीत आलं. त्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू बघत होतास. तुला वाटलं असेल, मी संकोचले.

‘चौकट’ पुढे बरीच पसरली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती वापरतात. कुणी चूक कळवतं तेव्हा मी आधी तुझ्या जुन्या चाचण्या चालवते. त्यांत ते सगळे दुकानदार, कुऱ्हाडे, रेशनकार्डाची पिशवी अजून आहेत. एका परदेशी मुलाने विचारलं होतं, या चाचण्यांमधली माणसं कोण? मी लिहिलं, आमच्या भागातली. तुझं नाव लिहिलं नाही. तेही राहिलं.

आणि आपलं अर्धवट भांडण. रिकामं आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळी खूण हवी, असं तू गेली पाच वर्षं म्हणत होतास. मी म्हणत होते, गुंतागुंत वाढेल. हॉस्पिटलात, नाकात नळी असताना, तू विचारलंस, “ते केलंस का?”

“करते, दादा.”

“करते म्हणू नको. कधी ते सांग.”

त्या दिवशी मी सांगायचं ठरवून आले होते. त्या खोट्या तारखेबद्दल. पलंगाच्या कडेला बसले, तुझा हात धरला. तू म्हणालास, समोरच्या भिंतीवरच्या पाटीत ‘रुग्णांनी’तला रु दीर्घ काढलाय, महिनाभर बघतोय, कुणाला तरी सांग. मी हसले. तूही हसलास आणि खोकला आला, नर्स आल्या, मला बाहेर जायला सांगितलं. गुरुवारी येते म्हणाले. तू बुधवारी गेलास.

परवा वहिनींनी बोलावलं. तुम्हा दोघांचं घर सोडतीत लागल्याचं पत्र तू आजारी पडायच्या आधीच आलं होतं. बाकीचे कागद तू हॉस्पिटलात असताना आले, ते तू पाहिलेच नाहीस. आता वारस म्हणून वहिनींचं नाव लावायचं, म्हणून त्यांनी सगळं बाड माझ्यासमोर ठेवलं. “वाच गो बाय. माका बारीक अक्षर दिसत नाय.”

चौथा कागद तुझ्या नोंदीचा उतारा होता. नाव, गिरणी, खातं. आणि ती तारीख.

त्यांनी ती पाहिली नव्हती. मी पुढचा कागद उलटला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. मी मुलाखतीला आल्यासारखी ताठ बसून सगळं सांगितलं, भज्यांपर्यंत. वहिनी मांडीवरचा पदर सारखा करत ऐकत होत्या.

“ह्यां बदलूक येता?” त्यांनी विचारलं.

“अर्ज करता येतो. पण परत तपासणी होईल. घर लांबेल. कदाचित अडकेल. नाही बदललं तर काहीच होणार नाही, पुढच्या महिन्यात किल्ली मिळेल. तुम्ही म्हणाल तसं, वहिनी. मी काही बोलणार नाही.”

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रडताहेत. भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. चाळीस वर्षं त्या एका खोलीत काढलेली बाई, मी तिच्या घराशी काय खेळते आहे असं वाटून मी चपला घालायला उठले. तेवढ्यात त्या कोरा कागद आणि पेन घेऊन बाहेर आल्या.

“लिही अर्ज. सही मी करतंय.” मी लिहिला. त्यांनी हळूहळू, अक्षर अक्षर लावून सही केली. मग म्हणाल्या, “पण ह्या माका सांगून भागाचा नाय. तेंका सांगूक व्हया होतां तू.”

“आता कसं सांगू?”

“तां तुझा तू बघ.”

म्हणून हे लिहिते आहे, दादा. मला दुसरं काही सुचलं नाही. माफ कर असं लिहून खोडलं, कारण तू त्याच्यापुढे काय शेरा मारला असतास ते मला दिसतं. मी घाबरले होते आणि तुझं नाव गळू नये असं मला वाटत होतं, हे खरं. तुला विचारायला दुसऱ्या दिवशीची सकाळ होती, त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती, हेही खरं. स्वीकारलेल्या नोंदीतली चूक दुरुस्त करायला तेव्हा पुढे महिनाभर मुदत होती. तू एका दुपारी जाऊन सगळं सरळ करून आला असतास. मी ती संधी तुला दिली नाही, कारण तू मला चांगलं म्हणावंस असं मला वाटायचं.

उद्या सकाळी अकराला आम्ही दोघी त्या कार्यालयात जाणार आहोत. मी वहिनींना बजावलं की ते पुरावा मागतील. नोकरी सोडली नव्हती हे कशावरून, असं विचारतील, आणि आपल्याकडे कागद एकही नाही.

“इचारूंदेत,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगान. माझा नवीन लगीन झालेला. संपाचा पयला अख्खा वरीस मी रोज सकाळी ह्येंका इचारी, आज डबो भरू?”

“मग? ते काय म्हणायचे?”

“उद्या भर, म्हणत.”